सीमाभागातल्या मुलांना आकाशाचा पेपरही मराठीत हवा

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी ऑलिंपियाडमध्ये परीक्षेच्या आदल्या रात्री प्रत्येक देशाच्या चमूसोबत आलेले शिक्षक भाषांतर करत बसतात. प्रश्नपत्रिका आधी इंग्रजीत सर्व देशांच्या शिक्षकांपुढे येते, तिच्यावर बराच वेळ खल होतो, शब्द न् शब्द घासून घेतला जातो. मग पोलंडचे शिक्षक ती पोलिशमध्ये उतरवतात, इराणचे फारसीत, थायलंडचे थाई भाषेत. तोवर मुलांना त्यांच्यापासून वेगळे ठेवलेले असते, मोबाईलही काढून घेतलेले असतात. सकाळी मुलासमोर जो कागद येतो तो त्याच्या भाषेत असतो आणि उत्तरही त्याला त्याच भाषेत लिहिता येते. शालेय वयातली खगोलशास्त्राची ही जगातली सर्वांत मानाची परीक्षा. ताऱ्याचे अंतर काढता येणे वेगळे आणि इंग्रजी येणे वेगळे, हे तिने पहिल्यापासून धरून ठेवले आहे.

ही स्पर्धा २००७ मध्ये थायलंडच्या चियांग माई शहरात सुरू झाली. २०१६ मध्ये ती भुवनेश्वरला झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिची अठरावी फेरी मुंबईत भरली, ६४ देशांची मुले तिथे आली. मुंबई आपल्या बेळगावपासून एका रात्रीच्या बसप्रवासावर आहे. त्या दिवसांत आपल्या भागातल्या किती हायस्कूलांत या स्पर्धेचे नाव तरी उच्चारले गेले असेल? माझ्या पाहण्यात फार थोड्या. त्याबद्दल शिक्षकांना दोष द्यायचा माझा हेतू नाही. निवडणुकीच्या याद्या, जनगणनेची कामे, दोन दोन वर्गांना एकच शिक्षक, या सगळ्यातून वेळ काढून मुलांना मृग नक्षत्र दाखवणारे शिक्षक आपल्याकडे आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. माझा आक्षेप वेगळ्याच ठिकाणी आहे. भाषेच्या हक्कासाठी १९५६ पासून झगडणाऱ्या या सीमाभागाने विज्ञानाची परीक्षा आपल्या भाषेत मिळावी अशी मागणी कधी ठासून केलेली मला दिसत नाही. ती करायला हवी. आणि ती कन्नड माध्यमाच्या मुलांना बरोबर घेऊनच करायला हवी.

आधी निवड कशी होते ते पाहू, कारण पालकांना तीच माहीत नसते. पहिली पायरी म्हणजे भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटनेतर्फे होणारी राष्ट्रीय पातळीवरची बहुपर्यायी परीक्षा. बारावीपर्यंतच्या मुलांना ती देता येते आणि साधारण नोव्हेंबरात ती असते. तिच्यातून निवडलेली मुले पुढची लेखी परीक्षा देतात, त्यातून थोडीशी मुले मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शिबिराला जातात आणि शेवटी पाच जणांचा संघ ठरतो. संघात आल्यावर खर्चाची चिंता राहत नाही, तो भार सरकार उचलते. म्हणजे गरीब घरच्या मुलाची खरी अडचण शेवटच्या पायरीवर नाही, पहिल्या पायरीच्याही आधी आहे. परीक्षेची तयारी ज्यांतून करायची ती पुस्तके, जुन्या प्रश्नांचे संच, इंटरनेटवरची व्याख्याने, सगळे जवळजवळ इंग्रजीत. मार्गदर्शन करणारे क्लास मोठ्या शहरांत, तेही बहुतेक जेईईच्या तयारीला जोडून घेतलेले.

आता आपल्या मुलाची वाट पाहा. येळ्ळूर, कडोली, उचगाव, खानापूर या भागात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकता येते. कर्नाटक सरकार मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके छापते, एसएसएलसीचा, म्हणजे दहावीच्या बोर्डाचा, पेपर मराठीत लिहिता येतो. ही गोष्ट मोकळ्या मनाने मान्य करायला हवी. पण पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान घेतले की त्याच मुलासमोर जूनमध्ये सगळे एकदम इंग्रजीत येते. कालपर्यंत ज्याला गती, त्वरण, गुरुत्वाकर्षण नीट कळत होते ते पोर अचानक गप्प होते. त्याला भौतिकशास्त्र येत नाही असा समज वर्गाचा होतो, मग शिक्षकांचा होतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे त्याचा स्वतःचा होतो. ऑलिंपियाडची वर्षे नेमकी हीच. पंधरा ते अठरा वयातली दोन-तीन वर्षे, ज्यांतले पहिले वर्ष आपली मुले भाषा बदलण्यातच घालवतात.

याहून टोचणारी गोष्ट वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची आहे. नीट आणि जेईई मेन या दोन्ही आता तेरा भाषांत देता येतात. त्यांत मराठी आहे, कन्नडही आहे. ही मोठी सुधारणा आहे आणि परीक्षेचे भाषांतर करणे अशक्य आहे म्हणणाऱ्यांची तोंडे तिने बंद केली आहेत. पण प्रादेशिक भाषेतला पेपर राज्याला बांधलेला आहे. मराठीतला पेपर महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळतो, कन्नडमधला कर्नाटकातल्या. म्हणजे बेळगावच्या मराठी मुलाला मराठीत पेपर हवा असेल तर त्याने केंद्र म्हणून कोल्हापूर निवडायचे, आदल्या दिवशी शंभरावर किलोमीटर जायचे, कुणाकडे तरी उतरायचे आणि सकाळी परीक्षेला बसायचे. नियम करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसावे. त्याने नकाशा पुढे घेतला, प्रत्येक राज्याला एक भाषा लावली आणि काम संपवले. त्या नकाशात आपण कुठेच नाही. राज्यघटनेच्या ३५० अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेत शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. दहावीनंतर मात्र त्या मुलाची भाषा कुणाच्याच हिशेबात राहत नाही.

खगोलशास्त्राच्या ऑलिंपियाडमध्ये हीच चूक होऊ नये असे मला वाटते. ही परीक्षा राज्याची नाही. तिच्या मागे देशपातळीवरच्या संस्था आहेत. होमी भाभा केंद्र १९७४ मध्ये स्थापन झाले आणि सुरुवातीच्याच वर्षांत त्याने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात ग्रामीण मराठी शाळांबरोबर काम केले. मराठीत विज्ञान शिकवणे म्हणजे काय हे या केंद्राला नव्याने सांगावे लागणार नाही. मुलाने भाषा निवडावी आणि ती त्याला देशातल्या कुठल्याही केंद्रावर मिळावी, एवढा नियम असला तरी बेळगावच्या मुलाचा प्रश्न सुटतो. सुरतेतल्या मराठी मुलाचा, मुंबईतल्या कन्नड मुलाचा आणि सोलापुरातल्या तेलुगू मुलाचाही सुटतो.

यावर घरोघरी ऐकू येणारे एक उत्तर आहे: पुढे सगळे इंग्रजीतच करायचे, मग आत्ताच सवय झालेली काय वाईट? हे म्हणणारे पालक मुलाच्या भल्यासाठीच बोलतात. संशोधन इंग्रजीत प्रसिद्ध होते, हे खरेच आहे. इंग्रजी यायलाच हवी, चांगली यायला हवी. पण इंग्रजी शिकायला पुढे सगळे आयुष्य असते. पंधराव्या वर्षी एखाद्या मुलाला ग्रहांच्या कक्षांचे वेड लागते ते त्या वयात लागते, नाहीतर बहुधा लागतच नाही. त्या वेळी त्याच्या हातात वाचता येईल असे काहीतरी लागते. इराणचे आणि रोमानियाचे विद्यार्थी या स्पर्धेत वर्षानुवर्षे पदके घेतात, पुढे जगभरच्या विद्यापीठांत जातात आणि तिथे इंग्रजीत कामही करतात. आधी आपल्या भाषेत शिकल्याने त्यांचे काही अडलेले दिसत नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो. पाच मुलांच्या संघासाठी एवढा खटाटोप कशाला? सीमाभागातले एखादे मूल त्या पाचांत जाईल याची शक्यता तशीही थोडीच. पण इंडोनेशियाकडे पाहा. त्यांच्या राष्ट्रीय विज्ञान ऑलिंपियाडमध्ये खगोलशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे आणि निवड जिल्हापातळीवर सुरू होते, मग प्रांत, मग देश. जिल्ह्यात परीक्षा होते म्हटल्यावर जिल्ह्यातला एखादा शिक्षक तयारी करून घेऊ लागतो, शाळेच्या कपाटात दोन पुस्तके येतात, थोरल्या भावाच्या वह्या धाकट्याला मिळतात. अशी मुळे खाली रुजली की देशाचा संघ आपोआप उभा राहतो. आपल्याकडे उलटे आहे. मुंबईत शिबिर उत्तम होते, पण चिकोडीच्या मुलाला त्या शिबिराकडे जाणारा रस्ताच दिसत नाही. पाच पदकांपेक्षा त्या रस्त्याची मला जास्त काळजी आहे. परीक्षेला बसलेली आणि निवड न झालेली पन्नास मुले गावात राहतात, त्यांतली काही पुढे शिक्षक होतात, आणि गावाचे विज्ञान त्यांच्यामुळे बदलते.

आणि आपल्याला आकाश किती चांगले मिळाले आहे! या स्पर्धेत निम्मे गुण लेखी सिद्धांताला असतात. उरलेल्यांतले निम्मे आकडेवारीचे विश्लेषण करण्याला आणि निम्मे प्रत्यक्ष आकाशनिरीक्षणाला. हा शेवटचा भाग दिल्ली-मुंबईच्या मुलाला सर्वांत जड जातो, कारण त्याच्या शहराच्या दिव्यांत तारेच दिसत नाहीत. जांबोटी, कणकुंबी, भीमगडच्या जंगलाकडे गेले की नोव्हेंबर ते एप्रिल आकाश काळे कुळकुळीत असते. शिवाय बेळगाव साधारण १५.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून दक्षिणेचे पुष्कळ आकाश आपल्याला उघडे आहे. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास अगस्त्य हा तेजस्वी तारा दक्षिण क्षितिजापासून एकवीस अंश वर येतो. दिल्लीत तो नऊ अंशांच्याही खाली राहतो आणि वॉर्सातल्या मुलाला जन्मभर घरून दिसत नाही. का, हे काढायला नव्वदातून आपला अक्षांश वजा करायचा आणि मग ताऱ्याची दक्षिण क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासून तो जितके अंश दक्षिणेला आहे तो आकडा, वजा करायची. आठवीच्या मुलाला येईल एवढेच गणित. हाच हिशेब दक्षिण आकाशातल्या त्रिशंकू या तारकासमूहाला लावला तर त्याचा सर्वांत तेजस्वी तारा आपल्याला अकरा अंशांवर सापडतो. खानापूरच्या माळावरून मे महिन्यात तो डोळ्यांनी ताडूनही पाहता येतो.

शून्य सावलीचा दिवस तर जणू शाळेसाठीच आहे. बेळगावात ३-४ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराजवळ सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. पुन्हा तो योग ८-९ ऑगस्टला येतो. मे महिन्यात शाळांना सुट्टी आणि ऑगस्टात आपल्याकडे पावसाचे ढग, ही अडचण आहे. तरी सुट्टीतला एक दिवस मुले आनंदाने येतील असा माझा विश्वास आहे. त्यापुढचा प्रयोग तर दोन गावांनी मिळून करायचा. निपाणी खानापूरच्या उत्तरेला सुमारे पाऊण अंशावर आहे, उत्तर-दक्षिण अंतर पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास. याच दिवसांत दोन्हीकडे एकाच दुपारी, सूर्य सर्वांत उंच असताना, एक मीटर उंचीची काठी उभी करून सावली मोजली तर सावल्यांच्या टोकांत तेरा-चौदा मिलिमीटरचा फरक पडतो. त्या फरकावरून कोन काढायचा आणि अंतराशी त्रैराशिक मांडायचे. पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटरच्या जवळपास निघतो. हे काम करायला दुर्बीण लागत नाही, अनुदान लागत नाही. निपाणीच्या मराठी शाळेने आणि खानापूरच्या कन्नड शाळेने एकमेकांना फोनवर आकडे सांगायचे, एवढेच.

आपल्या शेतकऱ्यांना सूर्य कोणत्या नक्षत्रात आहे ते आजही ठाऊक असते. मेच्या शेवटी रोहिणी निघते आणि भाताची धूळवाफ पेरणी सुरू होते, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी मृग. खानापूर तालुक्यातल्या मुलाला हे घरीच मिळते. त्याला फक्त एक पायरी वर न्यायचे आहे: सूर्य रोहिणीत असतो तेव्हा रोहिणी रात्री दिसत का नाही? हा प्रश्न एखाद्या मुलाला खरोखर पडला की त्याला खगोलशास्त्र शिकवणे फार अवघड राहत नाही.

माझे सर्वांत कळकळीचे म्हणणे आपल्या स्वतःच्या लोकांकडे आहे. सीमालढ्याबद्दल मला प्रेम आहे. एक नोव्हेंबरला काळा दिन पाळणाऱ्या, लाठ्या खाल्लेल्या, तुरुंगात गेलेल्या माणसांच्या घरांत आपण वाढलो. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये गेला. निकाल लागायचा तेव्हा लागेल. तोपर्यंत किती पिढ्या दहावी होऊन गेल्या? मराठी कागदपत्रे, मराठी फलक यांची मागणी योग्यच आहे, मीही तिच्या बाजूने आहे. पण सात-बाराचा उतारा मराठीत मिळाला आणि गतीचे नियम मराठीत समजून घेण्याची सोय गेली, तर भाषा फक्त उताऱ्यापुरती उरेल. गल्लीगल्लीत आपण भाषणे ऐकतो, साहित्य संमेलने भरवतो. येळ्ळूर, कडोली, उचगावची संमेलने तर आपल्या भागाचा अभिमान आहेत. त्या मांडवात एक दुपार विज्ञानाला द्यावी आणि संध्याकाळी तिथेच दुर्बीण लावावी, असे मी आयोजकांना मनापासून सुचवतो.

मराठीत हे झेपणार नाही असे म्हणणाऱ्यांनी थोडे मागे पाहावे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ मध्ये मराठीत प्रसिद्ध केला. हा गृहस्थ कोकणातल्या मुरूडचा, पेशाने शिक्षक. त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर पुढे भारत सरकारने करून घेतले. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, म्हणजे आपल्या अगदी शेजारचा. केंब्रिजमध्ये विश्वरचनाशास्त्रात काम केलेला हा माणूस मायदेशी परतल्यावर आयुष्यभर मराठीत लिहीत राहिला, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली, आणि २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा आपल्याकडेही श्रद्धांजलीचे लेख भरभरून आले. त्यांचे काम सीमाभागात पुढे न्यायचे असेल तर मराठीत खगोलशास्त्राचा एक प्रश्नसंच तयार करण्यापासून सुरुवात करता येईल. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीत विज्ञान पोचवते आहे. परिषद आणि महाराष्ट्र सरकार यांनी सीमाभागासाठी निदान एवढे तरी हाती घ्यावे. निवडणूक जवळ आली की आपली आठवण काढणाऱ्या महाराष्ट्रातल्या नेत्यांना हे सांगायला आपण संकोच करू नये.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. मराठीची मागणी आली की कुणीतरी ती कन्नडविरोधी ठरवतो आणि मग मुलांचा विषय बाजूला पडतो. म्हणूनच मी सुरुवातीपासून दोन्ही भाषांबद्दल बोलतो आहे. सौंदत्तीच्या कन्नड माध्यमाच्या मुलालाही पीयूसीत हीच ठेच लागते. सरावाचे इंग्रजी पुस्तक त्याच्याही हातून गळते. त्याला कन्नडमध्ये पेपर मिळावा, तयारीचे साहित्य मिळावे, ही मागणी आपणच, मराठी लोकांनी, पुढे होऊन करावी. भास्कराचार्य आमचे, विजापूरकडचे, असे कर्नाटकात म्हणतात. ते चाळीसगावजवळच्या पाटण भागातले, असे महाराष्ट्रात म्हणतात. विद्वानांचा तो वाद चालू द्यावा. भास्कराचार्यांची गणिते दोन्हीकडच्या मुलांना सोडवता आली पाहिजेत, आणि ती त्यांना घरच्या भाषेत समजावून सांगितली तर लवकर सुटतील.

कामाचे बोलायचे तर पहिले पाऊल फार मोठे नाही. या वर्षी प्रत्येक तालुक्यातल्या निदान एका हायस्कूलने पुढे यावे, आठवी-नववीची मुले जमवावीत, महिन्यातून एकदा अमावास्येच्या जवळच्या शनिवारी आकाश पाहावे आणि त्या रात्री पाहिलेल्यावर पाच प्रश्न मुलांनीच तयार करावेत. बेळगाव शहरातल्या एखाद्या कॉलेजने बहुपर्यायी परीक्षेच्या केंद्रासाठी भौतिकशास्त्र शिक्षक संघटनेकडे अर्ज करावा, केंद्र आधीच असेल तर ग्रामीण शाळांना त्याची माहिती कळवावी. आणि होमी भाभा केंद्राला एक निवेदन जावे: निवडीच्या प्रत्येक पायरीवर मराठी आणि कन्नड भाषेची निवड असावी आणि ती राज्याला बांधलेली नसावी. निवेदन मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहावे, आणि त्याखाली दोन्ही माध्यमांच्या मुख्याध्यापकांच्या सह्या असाव्यात.